सात किलो, बारदानासकट

वडवणीच्या घरासमोर गाडी सुरू होऊन उभी होती आणि तुमची कमलआजी हातात सूप घेऊन उंबऱ्यातच थांबली होती. सुपात गहू होते, हिरवा खण होता, हळदीकुंकू होतं. बाईमाणूस घर सोडून लांब निघालं की तिची ओटी भरायची, ही आपल्याकडची रीत. तुमच्या आईची दर खेपेला भरलेली तुम्ही पाहिली आहे. पण तुमचे आबा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत, हीसुद्धा आपल्याकडचीच रीत. कमल माझी धाकटी जाऊ. सवयीने सूप भरून घेऊन आली आणि उंबऱ्यात आल्यावर तिच्या ध्यानात आलं. शेजारच्या बायका ओट्यावर उभ्या होत्या.

"अक्का, काय करू मी?" ती हळू म्हणाली.

"राहू दे. गहू चिमण्यांना टाक," मी म्हणाले आणि गाडीत बसले.

अन्वी, ओजस, तुम्ही दोघांनीही घर सोडलं आहे. एक डब्लिनला, एक टोरांटोला. तुमच्या वेळी विमानतळावर फोटो निघाले, केक कापला गेला. मी सत्तरी ओलांडल्यावर वडवणी सोडून तुमच्या आईबाबांकडे बंगळूरला राहायला निघाले, त्याची गोष्ट तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळली आहे आणि तुमच्या बाबाने ती सांगताना बरीच वाढवली आहे. म्हणून नीट लिहून ठेवते.

गाडीत माझ्या मांडीवर एक बॅग होती. तुमच्या आईने मुद्दाम पाठवलेली, चाकांची, ओढायच्या दांड्याची. तिच्यात औषधं होती, कागदपत्रांची फाईल होती, एक साडी होती आणि आपले देव होते. घोड्यावरचा खंडोबा, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, पूर्वजांचे दोन टाक आणि घंटा. समई मी मोठ्या बॅगेत घातली होती, कारण ती दिवा आहे, देव नाही. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाणार होती. देव पोटात जाणार नव्हते. हे माझं आधीपासून ठरलेलं होतं, आणि ते का, यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी लग्न होऊन आले तेव्हा घर वडवणीत नव्हतं, आखाड्यावर होतं. आखाडा म्हणजे शेतातलं घर. मी बीडची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. मला वडवणीच्या शाळेत नोकरी लागली आणि मग सगळं घरच गावात हलवायचं ठरलं. सामान दोन बैलगाड्यांत भरलं. तुमच्या पणजीने, माझ्या सासूबाईंनी, देव पदरात घेतले, पदर कमरेला खोचला आणि त्या गाडीत बसल्या. वाटेत ओढ्यात चाक रुतलं. सगळे उतरले, त्याही उतरल्या. गुडघाभर पाण्यात एका हाताने ओटी धरून आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून त्या पलीकडे गेल्या. मी म्हटलं, आई, देव जरा दगडावर ठेवा, साडी सावरा. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

"देव खाली ठेवायचा न्हाई, पोरी. हात भरून आले तर कुणाला तरी हाक मार. पर खाली ठेवू नको."

पुढे त्या थकल्या तेव्हा देव त्यांनी देव्हाऱ्यातून उचलून स्वतःच्या पदरात घेतले आणि त्यांच्या पदरातून माझ्या पदरात ओतले. मध्ये पाट नाही, ताम्हण नाही. मी शाळेत मुलांना व्याकरण शिकवणारी बाई, फार सोवळं-ओवळं पाळणारी नाही. पण हे एक वाक्य मी पाळत आले.

तर, बॅगेचं वजन. विमानात हातात सात किलोच नेता येतात, हे ओजसने टोरांटोहून फोनवर मला तीनदा सांगितलं होतं. "आजी, हातात एकच बॅग. वन बॅग ओन्ली." मी शिस्तीची बाई. पर्ससुद्धा त्या बॅगेतच कोंबली, म्हणजे हातात एकच वस्तू राहील. आणि निघायच्या आदल्या दिवशी बॅग घेऊन उत्तमच्या आडतीवर गेले. उत्तम म्हणजे कमलचा मुलगा, तुमचा काका. त्याच्या दुकानात तूर, सोयाबीन, कापूस सगळ्यांचं वजन होतं. इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्या काट्यापुढे बोलायला उसंत नसते.

"मोठ्याई, आधी सगळं काढा," तो म्हणाला. त्याने रिकामी बॅग काट्यावर ठेवली, मनाशी काही पुटपुटला, मग भरलेली ठेवली. माणूस किती पद्धतशीर आहे, असं मला वाटलं. मला पद्धत दिसली की मी पुढचं विचारत नाही.

"सात. नेमके सात," तो म्हणाला. "कावून काळजी करता? उत्तमच्या काट्यात गुंजभर फरक यायचा न्हाई."

दुकानातल्या शेतकऱ्यांनीही माना डोलावल्या. एक म्हातारबा म्हणाला, "बाई, तुमी लई शिकिवलं गावाला. आता ईमानानं जा." मी समाधानाने घरी आले.

संभाजीनगरच्या विमानतळावर उत्तमने मला दारापर्यंत सोडलं. आत मी एकटी. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, गळ्यात निळा रुमाल. मोठी बॅग पंधरावर टेकली आणि पट्ट्यावरून गेली. मग ती म्हणाली, "मॅडम, केबिन बॅग पण ठेवा."

मी निर्धास्तपणे ठेवली. काट्यावर आकडा आला आठ किलो आठशे.

"मॅडम, सातची लिमिट आहे. ही पण खाली देऊन टाका. आज चार्ज लागणार नाही."

खाली हा शब्द मी ऐकला आणि बॅगेवर हात ठेवला. म्हटलं, पुन्हा तोला. तिने पुन्हा तोललं. आठ किलो आठशे. मी बाजूला होऊन उत्तमला फोन लावला. तो अजून गाडीतळावरच होता.

"उत्तम, तू सात म्हणालास. इथे पावणेनऊ भरतात."

"बारदान धरून का?"

"म्हणजे?"

"बॅग, मोठ्याई, बॅग. बॅगच पावणेदोन किलोची हाय. मी ती वजा केली. पोत्याचं वजन कुणी मालात धरतं का?"

"इथे धरतात."

तो अगदी मनापासून म्हणाला, "मंग ह्या लोकांची आडत चालती कशी?"

मला हसू आलं, आणि त्या हसण्यानेच मी भानावर आले. आपल्या गावात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं आहे. पोतं काट्यावर चढतं ते मालासाठी, पोत्याचं वजन वजा होतं, आणि यात चूक आहे असं वडवणीत कुणालाही वाटणार नाही. विमानवाल्यांना मात्र माल आणि पोतं यात काही फरक नाही. त्यांना सगळंच उचलून न्यायचं असतं.

तेवढ्यात त्या मुलीचा साहेब आला. समजुतीने बोलला, पण पक्का होता. "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. एकीला सोडलं तर मागची रांग काय म्हणेल?"

मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलं. तीस-पस्तीस वर्षं मी मुलांना रांगेत उभं केलं आहे. माझ्या वर्गात आमदाराचा भाचा आणि मेंढपाळाची मुलगी एकाच बाकावर बसत. मला सूट नको होती. सूट मागून देव नेले असते तर ते मला आयुष्यभर टोचलं असतं. पण देव खालीही जाणार नव्हते. म्हणून मी तेच केलं जे मुलांना नेहमी करायला सांगायचे. प्रश्नपत्रिका पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वाचली.

काउंटरशेजारी पाटी होती. इंग्रजीत आणि हिंदीत. सात किलोची एक बॅग. त्याखाली बारीक अक्षरात, शिवाय एक छोटी वैयक्तिक वस्तू, उदाहरणार्थ स्त्रियांची पर्स किंवा लॅपटॉप.

"साहेब," मी म्हणाले, "प्रत्येक बाईला बॅगेशिवाय एक पर्स नेता येते, बरोबर?"

"हो मॅडम."

"माझी पर्स या बॅगेत आहे. ती तिथेच राहू द्या, वजनात धरा. पर्सच्या जागी मी हे देव हातात घेते."

"कशात घेणार?"

"पदरात."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "पदर म्हणजे पर्स नाही ना मॅडम."

"पर्सला चेन असते, पदराला गाठ. मागच्या साहेबांचा लॅपटॉप आहे त्यापेक्षा हे हलकं आहे आणि माझ्या मांडीवर मावतं. नाही मावलं तर मी परत जाईन."

लॅपटॉपवाले साहेब मागून म्हणाले, "आजींचं बरोबर आहे. माझा तीन किलोचा आहे." त्यांच्यामागे कुणीतरी ऐकलं आणि पुढे सांगितलं. रांगेत कुजबुज झाली, पण कुरकुर नव्हती.

साहेबाने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बॅग सातच्या आत आली तर जाऊ द्या," तो त्या मुलीला म्हणाला. "नाही आली तर खाली."

आता एवढंच उरलं होतं. सात.

मी पदर पुढे घेतला, दोन्ही हातांनी ओटी धरली, आणि लक्षात आलं की आता बॅग उघडायला हात नाही. सासूबाई आठवल्या. कुणाला तरी हाक मार.

"बाळ," मी त्या मुलीला म्हणाले, "देव तू काढ. एकेक. आणि माझ्या ओटीत ठेव."

ती काउंटरच्या बाहेर आली. बॅगेशी वाकली, मग थांबली, आणि पायांतले काळे बूट काढून बाजूला सरकवले. कुणी तिला सांगितलं नव्हतं. त्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभी राहून तिने खंडोबा काढला, कापडातून सोडवला आणि माझ्या पदरात ठेवला. अन्नपूर्णा ठेवली. टाक ठेवले. बाळकृष्ण ठेवताना तिने त्याला उगाच थोडं सरळ केलं, रांगणाऱ्या पोराला करतात तसं. मग बॅग काट्यावर ठेवली.

सात किलो शंभर.

बॅगेत आता फक्त घंटा राहिली होती. ती मी मुद्दाम ठेवली होती, कारण पदरात घंटा घेऊन चालायचं म्हणजे सगळा विमानतळ वळून बघणार, आणि मला तमाशा आवडत नाही.

"घंटा पण काढ," मी म्हणाले.

तिने काढली. लोलक लोंबता होता, तो वाजला. काट्यावर सहा किलो सातशेचा आकडा आला आणि तो तिथेच थांबला.

"झालं आजी," ती म्हणाली. इतका वेळ मी मॅडम होते.

घंटा तिने माझ्या ओटीत सगळ्यात वर ठेवली आणि तेव्हा मला कळलं की आत्ता इथे काय झालं आहे. एका बाईने माझ्या पदरात एकेक करून दान घातलं होतं. माझी ओटी भरली होती. त्या पोरीला मी सवाष्ण आहे की नाही हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तिने बूट काढलेच असते असं मला वाटतं. मी तिला काही सांगितलं नाही. पदर आवरला, कमरेला खोचला आणि निघाले. पावलागणिक घंटा वाजत होती. लोक वळून बघत होते. बघू देत, म्हटलं.

सुरक्षा तपासणीला मात्र पुन्हा अडचण आली. देव ट्रेमध्ये ठेवावे लागणार होते, आणि पुढच्या माणसाने तशाच ट्रेमध्ये त्याचे बूट ठेवलेले मला दिसत होते. तिथली खाकी गणवेशातली बाई उत्तरेकडची होती. तिने माझ्या पदरात डोकावून पाहिलं, खालून नवा ट्रे घेतला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि तो रुमालच त्यात अंथरला. देव यंत्रातून गेले. पडद्यासमोरच्या माणसाने पट्टा थांबवला.

"इस घोड़ेवाले के हाथ में क्या है?"

"तलवार," मी म्हणाले.

त्याने खंडोबा हातात घेतला. नखाएवढी तलवार, तीही मुठीशी ओतलेली. त्याने ती बोटाने दाबून बघितली, कपाळाला लावली आणि परत दिली. त्या बाईने सगळे देव पुन्हा माझ्या ओटीत घातले. म्हणजे एका सकाळी माझी ओटी दोनदा भरली गेली. विमानात हवाई सुंदरीने पट्टा माझ्या पदरावरून लावला, आणि उड्डाण होईपर्यंत ती दोनदा येऊन बघून गेली, मला नाही, बाळकृष्णाला.

बंगळूरला उतरताच मी कमलला फोन केला.

"पोचलीस का अक्का?"

"पोचले. माझी ओटी भरली गं."

"कुणी?"

"विमानवाल्या पोरीने. बूट काढून."

कमल म्हणाली, "मी सूप घिऊन उभी ऱ्हायले न् तिनं भरली व्हय. बरं. पुढल्या खेपेला ये तू. बघते कोण आडवं येतंय."

इथे येऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. चौदाव्या मजल्यावर आहे मी. ओटा नाही, बाल्कनी आहे. भाजी ॲपवर येते आणि पोरगा दारात ठेवून निघून जातो, त्याच्याशी घासाघीस करता येत नाही, याची मला अजून चुटपुट लागते. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही म्हणून तुमच्या आईने माझ्यासाठी गॅसची एक शेगडी ठेवून घेतली. ज्वारीला इथे जोळ म्हणतात हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. खालच्या मजल्यावर कलबुर्गीच्या एक बाई आहेत, त्यांच्या हाताला अगदी माझ्या सासूबाईंसारखी भाकरी येते. त्यांना मी इंग्रजी शिकवते, त्या मला कन्नड. लिफ्टमध्ये आम्ही दोघी तिसऱ्याच भाषेत भांडतो. संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये मी मुलांचा वर्ग घेते. सोसायटीने मागितला, मी नाही. रांगेत बसवते.

पहिले काही महिने मी स्वतःची समजूत उत्तमच्या हिशोबाने घालत होते. माल सोबत आणलाय, देव आणलेत. वडवणीच्या भिंती, ओटा, अंगणातला लिंब हे सगळं बारदान. ते वजा करायचं आणि पुढे चालायचं. समजूत चांगली होती, पण रोज थोडी कमी पडायची. पहाटे घंटा वाजवली की कान देऊन थांबायचे, कारण वडवणीत घंटेपाठोपाठ कमलच्या बादलीचा आवाज यायचा.

मग पोळ्याला वडवणीला गेले. कमलने मला घरात पाऊल टाकू दिलं नाही. तेच सूप, तसाच हिरवा खण, आणि त्याच शेजारणी ओट्यावर. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "विमानतळावर दोनदा भरली तिची. आपुनच मागं ऱ्हायचं का?" आणि गहू माझ्या पदरात ओतले. दोघी-तिघी पुढे आल्या, त्यांनीही मूठ-मूठ घातले. ज्या सगळ्यात वयस्कर होत्या त्या शेवटी उठल्या, गुडघा धरत. त्यांचाही नवरा जाऊन खूप वर्षं झाली आहेत. त्यांनी घातले, आणि मग स्वतःचा पदर पुढे केला. कमलने त्यांचीही भरली. वडवणीत आता नवरा गेलेल्या बाया सासरी-माहेरी निघतात तेव्हा कमलच्या दारावरून जातात. ती सूप भरूनच ठेवते.

परतताना उत्तमने बॅग काट्यावर ठेवली. रिकामी नाही, भरलेलीच. "बारदानासकट, मोठ्याई," तो म्हणाला. "आता दुबईवाल्यांच्याबी बॅगा माझ्याकडंच येतेत तोलायला."

मला त्या क्षणी माझा हिशोब कुठे चुकत होता ते दिसलं. घरातून मी काहीच वजा करायचं नव्हतं. ओटा, लिंब, कमलची बादली, चौदावा मजला, जोळाची भाकरी, ते सगळं घर. जे खाली टाकायला मी देत नाही, ते घर. आणि हात भरून आले तर हाक मारायला माणूस मिळतं, हे मी पाहिलं आहे. वडवणीतही, आणि काउंटरपलीकडेही.

अन्वी, तू डिसेंबरात येते आहेस. जाताना बाळकृष्ण तुझ्यासोबत यायचा आहे. डब्लिनच्या खोलीत खिडकीपाशी त्याला जागा कर, ऊन येतं तिथे. ओजस, खंडोबा तुझा, पण तू आधी नीट जेवायला शीक. घोडा सांभाळायला अंगात बळ लागतं.

अन्वी, तुझी बॅग मी तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून ठेवणार आहे, बारदानासकट. पर्स बॅगेतच ठेव. आणि येताना एक साडी घेऊन ये, किंवा ओढणी चालेल. पदर लागेल.